सव्वाशे मीटरची वाट आणि दीड किलोमीटरचा फेरा

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पूर्वेकडच्या एका गावातलं आहे. ३० जून २०२१ रोजी जी २३ गावं महापालिकेत आली, त्यांपैकी हे एक. गावाचं, सोसायट्यांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि अंतरं ढोबळ केली आहेत. मी तिथल्या एका सोसायटीत राहतो, त्या काळात समितीवर होतो आणि व्यवसायानं आर्किटेक्ट आहे. वीस-बावीस वर्षं लेआउट मंजुरीची कामं करतो. हे सांगणं भाग आहे, कारण या गोष्टीतली मूळ चूक मी स्वतः कागदावर कितीतरी वेळा केलेली आहे.

आधी जमिनीचा आकार समजून घ्यावा लागेल. गावाच्या दक्षिणेला मुख्य रस्ता, उत्तरेला ओढा, आणि मध्ये रस्त्यापासून ओढ्यापर्यंत गेलेले लांबट पट्टे. हे पट्टे वाटण्यांनी पाडले. भाऊ वेगळे निघाले की प्रत्येकाला रस्त्याचं तोंड हवं असतं आणि ओढ्याचं पाणीही हवं असतं. म्हणून जमीन आडवी कापत नाहीत, उभी कापतात. दोन-तीन पिढ्यांत साठ मीटर रुंद आणि सहाशे मीटर लांब असे पट्टे उरले. शेतीच्या दृष्टीनं हिशेब चोख होता. पट्ट्यांच्या शेपटांकडून, ओढ्याच्या काठानं, एक पायवाट सगळ्यांना ओलांडून गावठाणाकडे जायची. तिच्यावरून बायका धुणं घेऊन जात, पोरं शाळेत जात, गुरं पाण्यावर जात.

मग शहर आलं. जो पट्टा विकला गेला त्यात लेआउट पडला. मधोमध एक रस्ता, दोन्ही अंगांना प्लॉट किंवा इमारती, आणि रस्ता ओढ्याच्या अलीकडे संपलेला. शेजारच्या पट्ट्यातही तेच. वरून पाहिलं तर फणी दिसते. मुख्य रस्ता ही फणीची पाठ, बाकी सगळे दात. एका दातातून दुसऱ्यात जायचं तर पाठीवर आल्यावाचून गत्यंतर नाही.

जुनं पुणं असं वाढलं नव्हतं. पेशवाईत वसलेल्या पेठांचे रस्ते अरुंद आहेत, पण ते एकमेकांना भेटतात, आणि जिथे भेटत नाहीत तिथे एखादा बोळ वाड्याच्या कडेनं पलीकडे काढून देतो. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या, त्याही आता पाडून पुन्हा बांधल्या जाताहेत. रस्ते मात्र बहुतेक तिथेच आहेत. पुढे १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, नगररचना योजना झाली. तिच्यात सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र घ्यायच्या, रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून थोडा हिस्सा कापायचा आणि उरलेली जमीन नीट आकारात ज्याची त्याला परत द्यायची. अहमदाबादनं हाच मार्ग वेशीवर सातत्यानं चालू ठेवला. आपल्याकडे तो मध्यंतरी जवळजवळ विसरला गेला आणि आता म्हाळुंगे-माणसारख्या ठिकाणी पुन्हा वापरात येतोय. आमच्या गावाला मात्र १९९७ चा प्रादेशिक आराखडा लागू होता. अशा आराखड्यात मोठे रस्ते असतात. त्यांच्यामधलं जाळं ज्यानं त्यानं आपापल्या लेआउटमध्ये विणावं, असं गृहीत धरलेलं असतं. शेजाऱ्याच्या धाग्याला आपला धागा बांधायचं मात्र कुणाच्याच अंगावर येत नाही.

हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापासून नव्या वसाहतींचे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले. तिथल्या रस्त्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासानुसार ही घसरण १९९४ च्या सुमारास तळाला पोचली आणि मग थोडी सावरली. त्यांच्याकडे बंद टोकाची गल्ली ही हौसेनं, पैसे मोजून घेतलेली चीज होती. आमच्याकडे ती सातबाऱ्याच्या आकारातून आपोआप निपजली, आणि मग जाहिरातीत तिला ‘शांत, सुरक्षित परिसर’ असं नाव मिळालं.

अडचण

आमची सोसायटी एका पट्ट्याच्या ओढ्याकडच्या टोकाला आहे. पूर्वेला लागून आबांची जमीन, नऊ एकर, त्यात शेवंती आणि झेंडू. (आबा हे गावात त्यांना सगळेच म्हणतात.) त्यांच्या पलीकडे बंगल्यांचा लेआउट आणि त्याच्या पलीकडे एक मोठा गृहप्रकल्प. त्या प्रकल्पाच्या आवारातच इंग्रजी माध्यमाची शाळा. आमच्या गच्चीवरून शाळेचा ध्वज दिसतो.

२०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत आमची मुलं सोसायटीच्या मागच्या भिंतीतल्या भगदाडातून बाहेर पडून, ओढ्याच्या काठानं आबांच्या बांधावरून, बंगल्यांच्या मोकळ्या जागेतून शाळेत जायची. कुणी परवानगी घेतली नव्हती, कुणी दिली नव्हती. त्या एप्रिलमध्ये बंगल्यांच्या लेआउटला कंपाउंडची भिंत उभी राहिली. त्याच महिन्यात आमच्याच व्यवस्थापनानं ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ आपलं भगदाड बुजवलं. हे पुढे वाद घालताना आम्ही सोयीस्करपणे विसरत राहिलो.

आता शाळेत जायचं म्हणजे आपल्या पट्ट्यातून सहाशे मीटर खाली मुख्य रस्त्यावर या, अडीचशे मीटर पूर्वेला जा, पुन्हा सहाशे मीटर वर चढा. पावणेतीनशे मीटर सरळ अंतरासाठी जवळजवळ दीड किलोमीटर. या दोन आकड्यांचा भागाकार हेच रस्त्यांच्या जोडणीचं सगळ्यात साधं माप आहे. चांगल्या जाळ्याच्या मोहल्ल्यात तो सव्वा-दीडच्या आसपास असतो. आमचा पाच होता.

दीड किलोमीटर चालणं म्हणजे काही डोंगर चढणं नव्हे, असं एक काका बैठकीत म्हणाले, आणि ते खरंच आहे. पण मधले अडीचशे मीटर मुख्य रस्त्याचे होते. पदपथ नाही, कडेला खडी, सकाळी सातला पाण्याचे टँकर आणि शाळेच्या बसगाड्या एकमेकांना वाट देत उभ्या. आईबाप मुलांना त्या रस्त्यावर पायी सोडेनात. मग दुचाकीवर सोडू लागले, मग पावसात चारचाकीतून. फणीच्या पाठीवर प्रत्येक दातातून अशीच भर पडत होती. महिन्याभरात सकाळचा तो तुकडा असा तुंबू लागला की गाडीनं जाणाऱ्याला चालणाऱ्याइतकाच वेळ लागे. लोक म्हणायचे, रस्ता रुंद करायला हवा. मला वाटायचं, या गाड्यांपैकी निम्म्यांना त्या रस्त्यावर यायचं कारणच नाही.

नकाशात काय सापडलं

आम्ही जागे झालो ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भिंत उभी राहून सात महिने झाल्यावर. समितीतल्या सचिव ताई आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आरेखक यांच्यासोबत मी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढली. गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. ओढ्याच्या कडेनं एकेरी तुटक रेषा होती, आमच्या पट्ट्यापासून थेट गावठाणापर्यंत. वाट कागदावर जिवंत होती.

पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा विचित्र आकडा का, ते आरेखक काकांनी सांगितलं. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. सव्वाआठ फूट म्हणजे बरोब्बर चार आणे साखळी, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. काका बोलत होते तेव्हा ताई नकाशावर बोट फिरवत एवढंच म्हणाल्या, “म्हणजे आपण नवीन काही मागतच नाही आहोत.”

पण तुटक रेषा सापडणं आणि वाट सापडणं यात अंतर असतं. प्रत्यक्षात आबांनी काही वर्षांपूर्वी काठापर्यंत नांगर नेला होता. बंगल्यांच्या लेआउटच्या मंजूर नकाशावर ती रेषा उमटलेलीच नव्हती. लेआउटचा नकाशा मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या हद्दींच्या नकाशावरून बनतो, आणि हद्दी कायम करायच्या म्हणून केलेल्या मोजणीत मधली पायवाट कुणी शोधायला जात नाही. मीही कधी गेलो नव्हतो.

पर्याय

डिसेंबरच्या बैठकीत चार रस्ते समोर होते, आणि एक पाचवाही, जो तरुण मंडळींनी सुचवला: रात्री भिंत पाडायची. तो ताईंनी एका वाक्यात संपवला. “भिंत पाडाल, पण सकाळी मुलांना तिथून कोण पाठवेल?”

पहिला पर्याय थांबण्याचा. ओढ्याजवळून एक मोठा रस्ता आराखड्यात येईल, तो झाला की प्रश्न सुटेल. समितीतल्या निम्म्या लोकांना हाच आवडला, कारण त्यात अर्ज लिहिण्यापलीकडे काही करायचं नव्हतं. माझा याला विरोध होता. गाव महापालिकेत आलं होतं, पण आराखड्याचं आणि बांधकाम परवानगीचं काम दुसऱ्या प्राधिकरणाकडे होतं. खड्डा एकाचा, रेषा दुसऱ्याची. शिवाय आराखड्यातला रस्ता म्हणजे भूसंपादन, मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) की रोख याची घासाघीस आणि मालकांच्या हरकती. पहिलीतलं मूल तोवर दहावी होईल. आणि असा मोठा रस्ता झाला तरी तो फणीची दुसरी पाठ होणार होता. मुलांनी पुन्हा एक मोठा रस्ता ओलांडायचा.

दुसरा पर्याय तहसीलदारांकडे जाण्याचा. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीच्या वाटेतला अडथळा दूर करून मागता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा हवा, आणि ही तरतूद शेतीसाठी जाणाऱ्या वाटांची आहे. आम्ही ना शेतकरी, ना मुदतीत. आबा करू शकले असते. पण ज्यांनी वाट नांगरली त्यांनाच वाटेसाठी दावा करा असं कोण सांगणार?

तिसरा पर्याय स्कूलबसचा. सोसायटीनं खर्च वाटून घ्यावा आणि विषय संपवावा. यात कमीपणा काही नव्हता आणि तो लगेच अमलात येण्यासारखाही होता. आम्ही एक सत्र तो केलाही.

चौथा पर्याय तीन मालकांशी बोलून फक्त पायी जाण्यापुरती वाट उघडण्याचा. गाड्यांसाठी काहीच मागायचं नाही. सव्वाशे मीटर लांबी, रुंदी कागदावर आहे तेवढी. माझं मत पहिल्यापासून याच बाजूनं होतं. एकदा इमारती उभ्या राहिल्या की नऊ मीटरचा रस्ता घुसवणं जवळपास अशक्य असतं. आठ फुटांची वाट मात्र भिंत आणि झाडं यांच्या मधून निघते. गाड्यांचं जाळं तुटकच राहिलं तरी चालणाऱ्यांचं जाळं वेगळं विणता येतं.

निर्णय आणि हालचाली

चौथा पर्याय ठरला, आणि पहिल्याच पावलावर मी माती खाल्ली. आबांच्या ओसरीवर बसल्या बसल्या, चहा यायच्या आधीच, मी नकाशा उलगडला आणि तुटक रेषेवर बोट ठेवलं. ताईंनी येताना सांगितलं होतं की नकाशा पिशवीतच राहू द्या. आबांनी रेषेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजी तुमी इचारायला न्हाई, दाखवायला आलाय.” चहा झाला, बोलणं झालं नाही.

तीन महिने गेले. मार्चमध्ये ताई एकट्या गेल्या, नकाशाशिवाय. आबांची खरी भीती तेव्हा बाहेर आली. “वाट द्यायला माझं काय जातंय? पर आज वाट म्हनाल, उद्या रस्ता म्हनाल, परवा माझ्याच रानात मला पावना करून ठिवाल.” ही भीती निराधार नव्हती. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ नुसार कुणी वीस वर्षं उघडपणे, हक्कानं वाट वापरली तर ती वाट त्याची वहिवाट ठरते. पण परवानगीनं वापरली तर तसा हक्क जमत नाही. म्हणून आम्ही वकिलाकडून साधा करार करून घेतला: वाट पायी जाण्यापुरती, आबांच्या परवानगीनं, दरवर्षी नव्यानं. जुना पायमार्ग खरा की खोटा यावर करारात एक अक्षर नाही. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर आम्ही आपलीच बाजू पातळ केली. माझे वकील मित्र अजून यावरून टोमणे मारतात. पण नकाशाच्या जोरावर ती वाट उघडली असती असं मला वाटत नाही.

बंगलेवाल्यांचं सोपं गेलं. त्यांच्या लेआउटमधली दहा टक्के मोकळी जागा नियमानुसार सोडलेली होती, तीही नेमकी ओढ्याच्या बाजूला, आणि तिच्यात गाजरगवत आणि राडारोडा याखेरीज काही नव्हतं. आम्ही साफसफाईचा आणि दिव्यांचा खर्च उचलला. कंपाउंडला दोन बाजूंना फाटकं बसली. त्यांच्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मात्र आधी लेखी मागितलं की संध्याकाळी सातनंतर फाटक बंद राहील. दिलं.

सगळ्यात अवघड निघाली ती आमची स्वतःची भिंत. सर्वसाधारण सभेत मागचं फाटक उघडण्याचा ठराव थोडक्या मतांनी पडला. मला धक्का बसला, बसायला नको होता. इथं घर घेणाऱ्यांनी ‘पुढे रस्ता नाही’ हीच गोष्ट पसंत करून घर घेतलेलं होतं. चोरी, भटकी कुत्री, फेरीवाले, फ्लॅटची किंमत असे सगळे आक्षेप आले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर अनेकांच्या डोळ्यांसमोर होता, तेव्हा ‘ओढ्याकडे फाटक कशाला’ हाही मुद्दा आला, आणि तो खरा होता. मी उभा राहून जोडणीचं शास्त्र सांगितलं. त्यानं एकही मत वळलं नसावं. दुसऱ्या सभेत एका आजोबांनी सांगितलं की नातीला शाळेत सोडायला ते रोज रिक्षा करतात आणि रिक्षावाला परत येताना दोन्ही बाजूंचं भाडं घेतो. ठराव मंजूर झाला, या अटीवर की फाटक शाळेच्या वेळांपुरतंच उघडेल आणि तिथे पहारेकरी बसेल.

दुचाकी अडवायला आम्ही दोन्ही टोकांना नागमोडी पाइप लावले. ओढ्याला मिळणाऱ्या एका ओघळीवर दोन ह्यूम पाइप टाकून वर मुरूम दाबला. त्यासाठी कुणाला विचारलं नाही, हिशेबही केला नाही. जून २०२३ मध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, वाट उघडली.

निष्पत्ती

मुलं चालू लागली. जुलैअखेर स्कूलबसच्या दोन फेऱ्यांपैकी एक बंद करता आली. मुख्य रस्त्यावरच्या कोंडीवर मात्र डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. दोन दातांची टोकं जोडून फणीची पाठ हलकी होत नाही, आणि मी सभेत तसं सुचवलं होतं ते चुकलं.

ह्यूम पाइप पहिल्याच मोठ्या पावसात तुंबले आणि मुरूम वाहून गेला. दोन आठवडे वाट बंद. आता तिथे लोखंडी जाळीचा छोटा साकव आहे, पाणी खालून आणि वरूनही जाऊ शकेल असा. जोरात पाऊस असला की पहारेकरी फाटक उघडत नाही. त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

नागमोडी पाइपांनी दुचाकी थांबल्या, पण बाबागाडी आणि चाकाची खुर्चीही थांबली. बंगल्यातल्या एका आजींना खुर्चीवरून आमच्या बागेत यायचं होतं. त्यांच्या मुलानं पाइपाशी खुर्ची घडी करून त्यांना उचलून आत आणलं, ते मी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी एक पाइप कापायला लावला. आता अधूनमधून सामान पोचवणारी एखादी दुचाकी घुसते.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच. वाट उघडून महिना झाला असेल. दुपारी दोनच्या उन्हात घरकाम करणाऱ्या चार-पाच मावशी आमच्या बंद फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांची एका सोसायटीतली कामं संपली होती, दुसरीकडची सुरू व्हायची होती. सकाळी फाटक उघडं दिसलं म्हणून त्या या बाजूनं आल्या होत्या. शाळेची वेळ टळली म्हणून पहारेकऱ्यानं कुलूप लावलं होतं. वाटेवर सगळ्यात जास्त चालणारी माणसं ही होती. रोज, दिवसातून तीनदा, पट्ट्यातून पट्ट्यात. आमच्या एकाही बैठकीत त्यांना बोलावलं नव्हतं, कारण बैठका फ्लॅटमालकांच्या होत्या. फाटकाची वेळ वाढवायला पुन्हा एक सभा आणि पाच महिने लागले.

हुकलेलं वळण

आम्ही आमच्या भिंतीवर सभा घेत होतो त्याच २०२३ च्या सुरुवातीला शाळेच्या पलीकडच्या पट्ट्याचा लेआउट मंजूर झाला. तो पट्टा महत्त्वाचा होता. त्याच्या पलीकडे गावठाण, तिथला आठवड्याचा बाजार आणि बसथांबा. जुन्या पायमार्गाचा उरलेला अर्धा भाग त्याच्यातूनच जात होता. मला त्याची कुणकूण होती. फाइल कुठे आहे हे कळायला मला एक फोन पुरला असता, धंदाच तो आहे. मी केला नाही. वाटलं, आधी हे तर होऊ दे.

मंजूर नकाशावर रस्ता शाळेच्या हद्दीपासून दहा मीटर आधी थांबला आहे. त्या दहा मीटरांत एक प्लॉट बसला. तो विकला गेला आणि त्यावर आता दुमजली घर आहे. मंजुरीच्या आधी बोललो असतो तर ही एक रेषा पुढे ओढण्याची गोष्ट होती. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही लेआउटच्या रस्त्यांचा शेजारच्या जमिनीशी मेळ घालण्याची अपेक्षा आहेच. पण ती अपेक्षा कुणीतरी टेबलावर मांडावी लागते. शेजारची जमीन मोकळी असली तर तिच्या वतीनं बोलायला कुणी नसतं, आणि ती बांधली गेली की बोलून उपयोग नसतो.

तो नकाशा काढणाऱ्या माणसाला मी दोष देऊ शकत नाही. रस्ता हद्दीपर्यंत नेला तर काय जातं ते मला तोंडपाठ आहे. नऊ मीटर रुंद, दहा मीटर लांब तुकडा म्हणजे ९० चौरस मीटर, पाऊण गुंठ्याच्या वर. गुंठ्याचा भाव विचारून मालक लगेच गुणाकार करतो. शिवाय हद्दीला भिडलेला रस्ता म्हणजे उद्या शेजाऱ्याची वर्दळ आपल्या दारातून. फायदा झालाच तर तो शेजाऱ्याचा, तोही पुढे कधीतरी. या गणितापुढे मान तुकवून मी असे रस्ते कितीदा अलीकडेच थांबवले, याची मोजदाद केलेली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

भिंत उभी राहिली त्या आठवड्यातच हालचाल करायला हवी होती. सात महिन्यांच्या आळसात कायद्याची मुदत गेली आणि बंगलेवाल्यांचं ओलं सिमेंटही वाळलं. पायमार्गाची नक्कल आधी काढून ठेवायला हवी होती, आणि आबांकडे नेताना पिशवीत ठेवायला हवी होती. ताईंना पहिल्यांदाच पुढे करायला हवं होतं. मी तज्ज्ञ म्हणून पुढे बसलो, आणि समोरच्याला तज्ज्ञ दिसला की तो आधी आपली जमीन सांभाळतो.

फाटकाच्या वेळा ठरवायच्या आधी एक दिवस पूर्ण, पहाटेपासून रात्रीपर्यंत, कोण कुठून कुठे चालतं ते बसून पाहायला हवं होतं. आम्ही अंतरं मोजली, माणसं मोजली नाहीत. आणि एका वाटेत शक्ती घालवताना मंजुरीच्या रांगेतले शेजारचे पट्टे कोणते, याची एक साधी यादी भिंतीवर लावायला हवी होती. उघडलेल्या वाटेला एक वर्ष लागलं. हुकलेल्या वाटेला एक अर्ज लागला असता. करार वर्षावर्षानं नवा करायचा हा निर्णय मात्र मी आजही बदलणार नाही, जरी त्यानं वाट कायम लोंबकळत राहते.

२०२४ च्या दिवाळीनंतर आबांचे दोघे पुतणे माझ्याकडे आले. जमीन आता त्यांच्या हाती येत होती, लेआउट टाकायचा होता, आणि काम मीच करावं असं आबांनी सांगितलं होतं. आबांची एकच अट होती: “वाट हाये तितंच ऱ्हाऊ दे. बाकीचं तुमचं तुमी बगा.” मी ओढ्याकाठची वाट सव्वाआठ फुटांऐवजी तीन मीटरची धरली, तिच्यावर दिव्याचे खांब दाखवले, आणि आतला नऊ मीटरचा रस्ता पूर्वेला बंगल्यांच्या मोकळ्या जागेपर्यंत हद्दीला भिडवला. धाकट्या पुतण्यानं नकाशावर प्लॉट मोजले. “साहेब, एक कमी भरतोय.” थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला.

पश्चिमेकडेही रस्ता हद्दीपर्यंत न्यावा असं मी सुचवलं. आमच्या सोसायटीची जागा मुळात आबांच्या चुलत्यांची. त्या पट्ट्याचा मुख्य रस्त्याकडचा अर्धा भाग अजून त्यांच्या मुलांकडे आहे, मोकळा. तिथे रस्ता भिडला तर दोन दात मधोमध जोडले जातील. दोघांनी एकदम मान हलवली. त्या बाजूच्या बांधावरून चुलतभावांशी दावा चालू आहे, पुढची तारीख जानेवारीत होती. दाखल केलेल्या नकाशावर पश्चिमेचा रस्ता हद्दीच्या दहा मीटर अलीकडे थांबतो, आणि खाली सही माझी आहे.